बियाण्याचा खर्च कोणी द्यावयाचा?



मूसी नदीच्या दक्षिण काठी वसलेले मलकपेठ हैदराबादेतील मराठी माणसाला परके नाही. येथील गंजात वर्षानुवर्षे महाराष्ट्रातून कांद्याच्या मालमोटारी येत आल्या आहेत, आणि त्या मालाबरोबर तिकडची मराठीही थोडीफार उतरते. याच भागातील शाळेत मी शिकवितो. काही दिवसांपूर्वी भूगोलाच्या तासाला दख्खनच्या पठारावरील पिकांचा धडा चालू असता एका मुलाने प्रश्न केला : "सर, गंजातल्या अडत्याला अडत मिळते, हमालाला हमाली मिळते, मोटारवाल्याला भाडे मिळते, मग पिकाची नवी जात शोधून काढणाऱ्याला पैसे कोण देतो?"

प्रश्न साधा होता. उत्तर मात्र तासाभरात देण्यासारखे नव्हते. ते शोधू लागले म्हणजे माणूस निजामाच्या राजवटीत जातो, तेथून अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळापर्यंत पोचतो, आणि अखेर मराठवाड्यातील एखाद्या कोरडवाहू शेताच्या बांधावर येऊन उभा राहतो. आज त्या वाटेने आपण थोडे चालू या.

मलकपेठहून नदी ओलांडली की काचीगुड्याचे स्टेशन लागते. तेथून निजामाबाद, नांदेड, परभणी, जालना या गावांवरून मनमाडकडे जाणारा लोहमार्ग विसाव्या शतकाच्या आरंभी वाहता झाला. मराठवाड्याचा कापूस याच मार्गाने बाहेर पडू लागला, आणि नोकरी-शिक्षणासाठी राजधानीकडे निघालेली मराठी कुटुंबेही याच मार्गाने हैदराबादेत आली. या मार्गावरील परभणी येथे १९१८ साली हैदराबाद संस्थानाने शेतीचे मुख्य प्रयोगक्षेत्र उघडले. त्याच वर्षी राजधानीत उस्मानिया विद्यापीठाची स्थापना झाली. एकाच राज्यात, एकाच वर्षी ज्ञानाची दोन घरे उभी राहिली. परंतु एक शहरात आणि दुसरे शेतात. ती दोन घरे एकमेकांना जोडण्यास पुढे किती वर्षे लागली, हीच आजच्या भाषणाची कथा आहे.

परभणीच्या प्रयोगक्षेत्रात काय चालत असे? ज्वारी, कापूस, फळझाडे यांवरील प्रयोग. त्यांपैकी कापसाचे उदाहरण घेऊ. नांदेड-परभणी भागातील गावरानी कापूस देशी जातींमध्ये लांब व तलम धाग्याबद्दल नावाजलेला होता. पण शेतकऱ्याच्या घरी शुद्ध बियाणे टिकत नसे. कारण असे की, शेतकरी कापूस विकतो तो सरकीसकट. जिनिंग कारखान्यात दहा गावांचा, दहा जातींचा माल एकत्र पडतो. रुई वेगळी होते आणि सरकी मिसळून जाते. पुढल्या वर्षी तीच मिसळलेली सरकी पेरणीसाठी शेतकऱ्याकडे परत येते. दोन-चार हंगामांत चांगल्या जातीचा मागमूसही उरत नाही. यावर उपाय एकच : एकेका उत्तम झाडाची निवड करून शुद्ध वाण तयार करावयाचा, त्याचे बियाणे वेगळ्या शेतात वाढवावयाचे, वेगळे जिन करावयाचे आणि दरसाल नव्याने वाटावयाचे. 'गावरानी ६' व 'गावरानी १२' हे वाण अशाच निवडीतून आले.

आता या कामाचा खर्च पाहा. झाडाची निवड करणाऱ्या तज्ज्ञाला वेतन हवे. शुद्ध वाण हाती येण्यास आठ-दहा वर्षे लागणार. आणि वाण हाती आल्यावरही त्याची शुद्धता राखण्याचे काम कधीच संपत नाही. एखादा व्यापारी या धंद्यात भांडवल घालील काय? घालणार नाही. कारण शेतकऱ्याने एकदा घेतलेले बियाणे तो शेजाऱ्याला देऊ शकतो, पुढल्या वर्षासाठी राखू शकतो. ज्या वस्तूला कुंपण घालता येत नाही, तिची राखण कोणी पैसे देऊन करीत नाही. म्हणूनच अशा कामाचा भार सार्वजनिक निधीवर पडतो. ही सरकारची मेहेरबानी नव्हे. त्या वस्तूचा स्वभावच तसा आहे.

हा विचार त्या काळातील जाणत्या माणसांना कळलेला होता. १९२१ साली हिंदी मध्यवर्ती कापूस समिती स्थापन झाली, आणि १९२३ च्या कायद्याने कापसाच्या दर गाठीवर लहानसा उपकर बसला. हा पैसा कापसाच्या संशोधनाकडेच वळवावयाचा होता. प्रांतांत आणि संस्थानांत त्यातून योजना चालल्या, आणि हैदराबादच्या गावरानी कापसाचे कामही या समितीच्या साहाय्याने पुढे गेले. पुढे लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शाही कृषी आयोगाने १९२८ साली आपला अहवाल दिला. शेती-संशोधनासाठी पन्नास लाख रुपयांचा कायम निधी असावा, अशी त्यात शिफारस होती. १९२९ मध्ये मध्यवर्ती कृषी संशोधन परिषद स्थापन झाली. तीच आजची भारतीय कृषि अनुसंधान परिषद. १९४० च्या कायद्याने निर्यात होणाऱ्या शेतमालावर शेकडा अर्धा रुपया उपकर बसवून परिषदेला उत्पन्नाचे एक साधन मिळवून देण्यात आले. कापसाच्या गाठीवरचे आणे आणि निर्यातीवरचा अर्धा टक्का यांतून आपल्या देशातील शेती-संशोधन पोसले गेले, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पैसा शेतातूनच आला होता.

१९३३ पासून याच परिषदेच्या मदतीने सोलापूर, विजापूर, हगरी, रोहतक आणि रायचूर येथे कोरडवाहू शेतीवर प्रयोग सुरू झाले. यांपैकी रायचूर त्या वेळी हैदराबाद संस्थानात होते. बांधबंदिस्ती, खोल नांगरट, विरळ पेरणी, ओल टिकविण्यासाठी वारंवार कोळपणी असा त्या शिफारशींचा सारांश होता. शास्त्र बरोबर होते. परंतु त्यातून होणारी उत्पन्नाची वाढ माफक होती आणि बांध घालण्याचा खर्च मात्र शेतकऱ्याच्या डोईवर होता. अवर्षणाच्या भागातील ज्या शेतकऱ्यासाठी हा खटाटोप केला, त्याच्यापर्यंत त्याचा फारच थोडा अंश पोचला. प्रयोगक्षेत्राच्या कुंपणाच्या आत ज्ञान होते आणि कुंपणाच्या बाहेर गरज होती. मधले दार उघडण्याचे काम कोणाचे, हे ठरलेले नव्हते.

हे दार उघडण्याचा प्रयत्न अमेरिकेत आधी झाला होता, आणि आपल्याकडच्या पुढील घटनांवर त्याची छाया पडलेली असल्यामुळे तो थोडक्यात सांगितला पाहिजे. १८६२ साली, यादवी युद्ध भडकलेले असताना, अध्यक्ष लिंकन यांनी मॉरिल कायद्यावर सही केली. त्यानुसार संघराज्याच्या मालकीची जमीन घटक राज्यांना देण्यात आली. काँग्रेसमधील प्रत्येक प्रतिनिधीमागे तीस हजार एकर. ती विकून येणाऱ्या पैशातून शेती व यंत्रविद्या शिकविणारी महाविद्यालये काढावयाची होती. महाविद्यालये निघाली, पण शिकवावयाचे काय, असा प्रश्न उभा राहिला, कारण शेतीचे प्रयोगसिद्ध ज्ञानच तोकडे होते. म्हणून १८८७ च्या हॅच कायद्याने प्रत्येक राज्यातील प्रयोगकेंद्राला दरसाल पंधरा हजार डॉलर देण्याचे ठरले. ज्ञान वाढू लागले, तरी ते शेतकऱ्याच्या घरी जाईना. तेव्हा १९१४ च्या स्मिथ-लिव्हर कायद्याने विस्तारकार्यासाठी निराळा पैसा बांधून दिला, आणि राज्यांनीही त्यात आपला वाटा घालावा अशी अट ठेवली. शिक्षण, संशोधन आणि विस्तार अशा तीन पायांची ही तिवई उभी राहण्यास १८६२ पासून १९१४ पर्यंत बावन्न वर्षे लागली. तिसरा पाय सर्वांत शेवटी आला, हे ध्यानात ठेवावे.

आता पुन्हा हैदराबादकडे वळू. १९४६ साली उस्मानिया विद्यापीठाच्या आश्रयाखाली कृषी महाविद्यालय सुरू झाले; पुढे राजेंद्रनगर हे त्याचे कायमचे ठिकाण झाले. मराठवाड्यातील ज्या तरुणाला शेतीची पदवी घ्यावयाची असे, त्याने आपल्या राज्यात शिकावयाचे म्हटले तर हैदराबादच गाठावे लागे. प्रयोग परभणीत, कोरडवाहूचे केंद्र रायचुरात आणि अध्यापन राजधानीत, अशी ती विभागणी होती. तरीसुद्धा तिन्ही एकाच राज्यात होती, हा मोठाच दिलासा होता. तो फार दिवस टिकावयाचा नव्हता.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार राज्यरचना अमलात आली आणि हैदराबाद राज्य नकाशावरून नाहीसे झाले. राजेंद्रनगर आंध्र प्रदेशात गेले, रायचूर म्हैसूर राज्यात गेले, आणि परभणी मराठवाड्याबरोबर मुंबई राज्यात व १९६० पासून महाराष्ट्रात आली. त्याच १९५६ साली, आपल्या अखेरच्या दिवसांत, हैदराबादच्या सरकारने परभणीला कृषी महाविद्यालय काढले. निरोप घेताना वडीलधाऱ्याने धाकट्याच्या हातावर काहीतरी ठेवावे, तशी ही देणगी होती. मराठी भाषकांचे एक राज्य व्हावे ही न्याय्य आकांक्षा होती, आणि ती सफल झाली याचा आनंद हैदराबादेतील मराठी माणसालाही झाला. परंतु काळ्या जमिनीला भाषेची सीमा ठाऊक नसते. परभणीची माती आणि तेलंगणातील काळी माती एकाच जातीची. पाऊस सारखाच लहरी. बोंडअळीला तर राज्याचे नाव विचारण्याची सवयच नाही. अंदाजपत्रके मात्र तीन झाली.

याच सुमारास देशात कृषी विद्यापीठांची कल्पना आकार घेत होती. डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ आयोगाने १९४९ मध्ये ग्रामीण विद्यापीठांचा पुरस्कार केला होता. पुढे भारतीय व अमेरिकन तज्ज्ञांच्या संयुक्त समित्या झाल्या, आणि १९६० साली पंतनगर येथे पंडित नेहरूंच्या हस्ते देशातील पहिल्या कृषी विद्यापीठाचे उद्घाटन झाले. राजेंद्रनगरचे आंध्र प्रदेश कृषी विद्यापीठ १२ जून १९६४ रोजी स्थापन झाले. २० मार्च १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते त्याचे रीतसर उद्घाटन झाले. त्याच्या उभारणीत अमेरिकेतील कॅन्सस राज्य विद्यापीठाने हातभार लावला. महाराष्ट्रात १९६८ साली पहिले कृषी विद्यापीठ झाले आणि पुढल्याच वर्षी अकोल्याचे झाले. मराठवाड्याने आपल्या विद्यापीठाची मागणी लावून धरली, आणि १८ मे १९७२ रोजी परभणी येथे मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. ते साल महाराष्ट्र विसरलेला नाही. दुष्काळाने खेड्यापाड्यांतील माणसे खडी फोडण्यास रस्त्यावर आली होती. अशा वर्षी या विद्यापीठाचा जन्म झाला. १९१८ च्या प्रयोगक्षेत्रापासून १९७२ च्या विद्यापीठापर्यंत चौपन्न वर्षे लागली. अमेरिकेच्या बावन्न वर्षांशी हा आकडा ताडून पाहावा. शहाण्या गोष्टींना सगळीकडे सारखाच उशीर होतो, असे म्हणावेसे वाटते.

विद्यापीठ झाले म्हणजे प्रश्न सुटला काय? याचे उत्तर ज्वारीने दिले आहे. १९६४ साली 'सी.एस.एच. १' ही देशातील पहिली संकरित ज्वारी प्रसारित झाली. उत्पन्न भरघोस होते. सरकारी कागदांवर आकडे चढले. परंतु पीक लवकर तयार होऊन पावसात सापडे आणि दाणा काळा पडे. ताट ठेंगणे असल्यामुळे कडबा कमी येई. आणि घरची बाई म्हणे की, या पिठाची भाकरी पूर्वीसारखी होत नाही. संशोधकाने एकरी उतारा मोजला होता. शेतकऱ्याने कडबा मोजला, आणि शेतकऱ्याच्या बायकोने भाकरीची चव मोजली. तिघांचीही मापे खरी होती. पुढील संकरित वाणांत यांतील काही उणिवा दूर झाल्या आणि खरिपात त्यांनी चांगला जम बसविला. रब्बीत मात्र सोलापूर जिल्ह्यातील मोहोळच्या केंद्रात निवडलेली जुनी मालदांडीच लोकांनी हातची सोडली नाही. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. विस्तारकार्य म्हणजे विद्यापीठाने सांगावयाचे आणि गावाने ऐकावयाचे, असा एकेरी रस्ता नव्हे. गावाचे म्हणणे विद्यापीठात घेऊन येणारा माणूसही त्याच पगारात मिळावा लागतो.

नभोवाणीच्या श्रोत्यांना या संदर्भात एका प्रयोगाची आठवण करून दिली पाहिजे. १९५६ साली पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पाच मराठी जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत ग्रामीण श्रोतृमंडळे स्थापन केली. आठवड्यातून दोनदा, दहा आठवडे, गावकऱ्यांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकावयाचा, त्यावर चर्चा करावयाची आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवावयाचे. त्यांची उत्तरे पुढील कार्यक्रमात मिळत. हा प्रयोग इतका यशस्वी ठरला की, त्याचा अभ्यास परदेशांतही झाला. ध्वनिक्षेपकापुढे बोलणाऱ्याला समोरचा माणूस उलट प्रश्न विचारू शकतो, एवढीच त्यातील नवलाई होती. पण तीच फार मोठी होती.

विस्ताराचा तिसरा पाय आपल्याकडे बळकट करण्याचा मोठा प्रयत्न १९७४ मध्ये सुरू झाला. त्या वर्षी पुदुचेरी येथे पहिले कृषि विज्ञान केंद्र निघाले. आज देशात सातशेहून अधिक केंद्रे आहेत आणि त्यांचा खर्च मुख्यतः केंद्र सरकारच्या निधीतून परिषदेमार्फत होतो. काही विद्यापीठांकडे आहेत, काही स्वयंसेवी संस्थांकडे. जालन्याजवळील खरपुडीचे केंद्र मराठवाडा शेती साहाय्य मंडळ चालविते. तेथे दर महिन्याला शेतकरी व शास्त्रज्ञ समोरासमोर बसण्याची परंपरा आहे. अखिल भारतीय समन्वित संशोधन योजनांत मात्र परिषद रुपयातले बारा आणे देते आणि उरलेले चार आणे राज्याने घालावयाचे असतात. ते चार आणे वेळेवर न आले, तर बारा आणेही अडून बसतात. आमच्या मलकपेठपासून जवळच, संतोषनगरात, कोरडवाहू शेतीची केंद्रीय संशोधन संस्था आहे. १९७० च्या समन्वित योजनेतून ती १९८५ साली उभी राहिली. रायचूर-सोलापूरच्या जुन्या प्रयोगांचा धागा तेथे नव्याने विणला जात आहे.

हा पैसा वाया गेला काय? परभणीने त्याचे उत्तर दिले आहे. भेंडीची पाने पिवळी पाडून पीक बुडविणारा विषाणुरोग शेतकऱ्यांना रडकुंडीस आणीत असे. परभणीच्या शास्त्रज्ञांनी भेंडीच्या एका रानटी आप्ताशी संकर घडवून 'परभणी क्रांती' हा वाण तयार केला आणि तो देशभर गेला. नांदेडच्या केंद्रातून 'एन.एच.एच. ४४' हा संकरित कापूस आला. बदनापूरच्या 'बी.एस.एम.आर. ७३६' या तुरीने मर आणि वांझ या दोन्ही रोगांना दाद दिली नाही. परंतु याच उदाहरणांची दुसरी बाजूही आहे. काळाने 'परभणी क्रांती'ची प्रतिकारशक्ती उणावली, कारण रोगाचा विषाणूही स्वस्थ बसत नाही. विहीर एकदा खणली म्हणजे पाणी लागते. संशोधनाचे तसे नाही. ती मोट आहे. बैल थांबले की पाट कोरडा पडतो.

आणि बैल थांबण्याची चिन्हे दिसतात, हे खेदाने म्हणावे लागते. शेतीच्या एकूण उत्पन्नातून संशोधन व शिक्षणावर किमान एक टक्का तरी खर्च व्हावा, असे तज्ज्ञ अनेक वर्षे सांगत आले आहेत. प्रत्यक्षात खर्च त्याहून कमीच राहिला आहे. कृषी विद्यापीठांतील अनेक जागा रिकाम्या राहतात. जो निधी येतो त्याचा फार मोठा भाग वेतनात आणि निवृत्तिवेतनात जातो, आणि प्रयोगाला लागणारा पैसा मागे उरतो. काटकसरीची वेळ आली म्हणजे पहिली कात्री विस्ताराच्या जीपगाडीच्या पेट्रोलवर चालते, कारण त्याची तक्रार करणारा शेतकरी सचिवालयापासून दूर असतो. खाजगी बियाणे कंपन्यांनी संकरित कापसाचा व भाजीपाल्याचा बाजार काबीज केला आहे, आणि त्यांनी काही चांगले वाणही दिले आहेत. परंतु ज्याचे बियाणे शेतकरी घरी राखू शकतो त्या तुरीत, हरभऱ्यात, रब्बी ज्वारीत त्यांना फारसा रस नाही. आणि कोरडवाहू गरिबाच्या ताटात तर हीच पिके असतात. सरकारने येथून हात काढला, तर तेथे दुसरा हात पुढे येणार नाही.

म्हणून त्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी उत्तर दिले : पैसे आपण देतो. काड्याची पेटी विकत घेणारा देतो, कापसाची गाठ विकणारा देतो, तू दुकानातल्या वस्तूंवर कर भरतोस तो तूही देतोस. मुलाने लगेच विचारले, "मग सर, ते शोधतात काय, हे आपल्याला विचारता येते का?" मी म्हटले, येते, आणि विचारलेच पाहिजे. संशोधनाला पैसा द्यावा, असे म्हणणारे पुष्कळ असतात. दिलेल्या पैशाचे बियाणे बांधापर्यंत पोचले काय, आणि बांधावरचे गाऱ्हाणे प्रयोगशाळेपर्यंत पोचले काय, असे विचारणारे थोडे असतात. त्या थोड्यांची संख्या वाढली तर निधीही वाढेल, कारण लोकशाहीत ज्याची चौकशी होते त्याचीच तरतूद होते.

परभणीच्या विद्यापीठात, ज्याला आता वसंतराव नाईक यांचे नाव आहे, दोन शेतकरी मेळाव्यांची प्रथा आहे. खरिपाचा मेळावा १८ मे रोजी, विद्यापीठाच्या वर्धापनदिनी. आणि रब्बीचा १७ सप्टेंबर रोजी, हैदराबाद मुक्तीच्या दिवशी. त्या दिवशी ध्वजवंदन होते आणि बियाण्याच्या पिशवीसाठी शेतकऱ्यांच्या रांगाही लागतात. स्वातंत्र्याचा दिवस आणि पेरणीचे बियाणे यांची सांगड ज्याने घातली, त्याला इतिहास कळला होता असे मला वाटते. रांगेतल्या शेवटच्या माणसापर्यंत ती पिशवी पोचावी, एवढेच पाहणे आता आपल्या हाती आहे.